तीव्र मायोकार्डायटिसमध्ये इको आणि एमआरआयवरून हृदयाचं काम कसं वाचायचं

मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. प्रश्न थोडक्यात असा आहे: २३ वर्षांचा तरुण, आठवड्यापूर्वी ताप आणि घसादुखी होऊन गेली, काल रात्रीपासून छातीत दुखतंय. ईसीजीत बऱ्याच लीड्समध्ये एसटी वर गेलेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) भरपूर वाढलेलं, अँजिओग्राफीत हृदयधमन्या स्वच्छ. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ, ५५ टक्के; ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं याचा हा आकडा. विचारणाऱ्या निवासी डॉक्टरांचं म्हणणं असं: "ईएफ नॉर्मल आहे, तेव्हा हृदयाचं काम ठीक आहे असं धरून उद्या घरी सोडायचं का? एमआरआय करायलाच हवा का, आणि करायचा तर कधी?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. उद्या सोडू नका. एमआरआय करा, पण आज रात्री धावपळ करून करण्याची गरज नाही. आणि "ईएफ नॉर्मल" या दोन शब्दांवर हृदयाच्या कामाचा निकाल लावू नका. या आजारात ईएफ हा त्या क्षणाचा आकडा असतो, आणि पहिले दोन-तीन दिवस तो क्षण भराभर बदलत असतो.

५५ टक्के ही चांगली बातमी आहेच, ती कमी लेखू नका. इटलीच्या लोंबार्डी भागातल्या ४४३ रुग्णांची नोंदणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दाखल होताना ईएफ ५० च्या खाली, टिकून राहणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी धोकादायक वेगवान लय) किंवा रक्ताभिसरण कोलमडणं यांपैकी काहीतरी असलेले रुग्ण साधारण एक चतुर्थांश होते. हृदयामुळे झालेले मृत्यू आणि प्रत्यारोपणं सगळी त्याच गटात झाली. उरलेल्या तीन चतुर्थांशांत एकही नाही. तुमचा रुग्ण बहुधा त्या मोठ्या, सुदैवी गटातला आहे. पण त्या गटात बसायला तीन गोष्टी लागतात आणि ईएफ ही त्यातली एकच आहे. रक्ताभिसरण नीट आहे का, हे तुमच्या रिपोर्टवरून मला कळत नाही. लय स्थिर आहे का, हे मॉनिटरवर एक-दोन दिवस काढल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. ईएफ म्हणजे डाव्या जवनिकेत, शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडलं. टक्केवारी आहे ती. किती रक्त बाहेर पडलं हे ती सांगत नाही. निरोगी तरुणाच्या डाव्या जवनिकेत भरताना १२० मिली रक्त असेल आणि ईएफ ६० असेल, तर ठोक्याला ७२ मिली बाहेर जातं. नाडी ७० धरली तर मिनिटाला पाच लिटर. मायोकार्डायटिसमध्ये स्नायूत पाणी साठतं, भिंती जाड होतात आणि पोकळी आतून आक्रसते. समजा भरताना ६२ मिलीच रक्त मावतंय आणि ईएफ ५२ आहे. ठोक्याला जेमतेम ३२ मिली. शरीर नाडी ११८ वर नेऊन ही तूट भरून काढायला बघतं, तरी मिनिटाला ३.८ लिटरच होतात. १.७ चौरस मीटर शरीर-पृष्ठभाग असलेल्या माणसात कार्डियाक इंडेक्स (मिनिटाचे लिटर भागिले शरीर-पृष्ठभाग) २.२ च्या आसपास आला, म्हणजे कार्डियोजेनिक शॉकच्या, हृदय कमी पडून येणाऱ्या शॉकच्या, उंबरठ्यावर. रिपोर्टवर मात्र लिहिलेलं असतं, "ईएफ ५२ टक्के, लो नॉर्मल". थंड हातपाय, वाढलेलं लॅक्टेट आणि कमी झालेली लघवी यांचा मेळ त्या ओळीशी बसत नाही, आणि मग लोक सेप्सिस शोधत बसतात.

फल्मिनंट, म्हणजे झपाट्याने कोसळवणाऱ्या, मायोकार्डायटिसचं हेच रूप असतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका इको अभ्यासात हा फरक नीट मांडला गेला: फल्मिनंट प्रकारात डावी जवनिका आकाराने जवळपास नॉर्मल आणि मधला पडदा (दोन जवनिकांमधली भिंत) जाडसर, साध्या तीव्र प्रकारात जवनिका फुगलेली आणि पडद्याची जाडी नॉर्मल. म्हणून "हृदय मोठं झालेलं नाही" हे वाक्य या आजारात दिलासा देणारं नाही. फुगायला वेळ लागतो, आणि फल्मिनंटमध्ये तेवढा वेळ मिळालेलाच नसतो. डाव्या कर्णिकेचंही, म्हणजे वरच्या कप्प्याचंही, तसंच. दाब खूप चढलेला असूनही तिचा आकार नॉर्मल दिसतो, कारण कर्णिका मोठी होते ती आठवड्या-महिन्यांच्या दाबाने.

भिंतीची जाडी म्हणूनच पहिल्याच इकोत मोजून ठेवा. पडद्याची नॉर्मल जाडी पुरुषांत ६ ते १० मिमी, स्त्रियांत ६ ते ९. काल ताप येऊन गेलेल्या तरुणात १३-१४ मिमी दिसली तर हायपरट्रॉफिक कार्डियोमायोपथी (स्नायूच जाड होण्याचा आजार) लिहिण्याआधी ईसीजी हातात घ्या. भिंत जाड आणि ईसीजीत व्होल्टेज कमी, अशी जोडी दिसली तर भिंतीत स्नायू वाढलेला नसून पाणी भरलेलं असण्याची शक्यता मनात आणा. काही दिवसांनी परत मोजा. सूज उतरते तशी जाडीही उतरते, आणि ती उतरताना पाहणं हाच एक पुरावा ठरतो.

मग किती रक्त बाहेर पडतंय हे मोजायचं कसं? साधा, पलंगाशेजारी होणारा मार्ग म्हणजे एलव्हीओटी व्हीटीआय: डाव्या जवनिकेतून बाहेर पडण्याच्या मार्गात एका ठोक्याला रक्त किती सेंमी पुढे सरकतं. एपिकल फाइव्ह चेंबर व्ह्यूमध्ये महाधमनीच्या झडपेच्या किंचित खाली पल्स्ड डॉप्लर लावा आणि रक्ताच्या वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्र काढा. नॉर्मल साधारण १८ ते २२ सेंमी. मार्गाचा व्यास २ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी, म्हणजे व्हीटीआय २० असताना ठोक्याला ६३ मिली आणि १० असताना ३१ मिली. क्षेत्रफळ काढताना व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे व्यास मोजण्यातली चूकही वाढते. म्हणून एका रुग्णात तो एकदाच नीट मोजा आणि पुढे नुसता व्हीटीआय बघत राहा. किरणाचा कोन सांभाळा, तीन ते पाच ठोक्यांची सरासरी घ्या, लय अनियमित असेल तर आणखी ठोके घ्या. सकाळी १९, संध्याकाळी १४ आणि नाडी चढती असेल, तर ईएफ काहीही असो, रुग्ण बिघडतोय.

ईएफबद्दल आणखी दोन गोष्टी. साध्या द्विमितीय इकोवर दोन अनुभवी माणसांच्या मोजणीत, किंवा एकाच माणसाच्या दोन वेळच्या मोजणीत, पाच ते दहा अंकांचा फरक सहज पडतो. काल ५८ आणि आज ५२ हा खरा उतार असू शकतो किंवा नुसता हाताचा फरक. त्याचा निवाडा आकड्यांवर होत नाही. दोन्ही दिवसांच्या क्लिप्स शेजारी शेजारी लावून बघा, आणि शक्य असेल तर त्याच माणसाने त्याच यंत्रावर इको करावा. एपिकल व्ह्यूत कडा नीट दिसत नसतील तर अंदाजाने ईएफ लिहू नका, इकोचं कॉन्ट्रास्ट वापरा. दुसरं म्हणजे मायट्रल झडपेतून रक्त मागे जात असेल तर ईएफ फसवी चांगली दिसते, कारण जवनिकेतून बाहेर पडलेल्या रक्तातला काही भाग उलटा कर्णिकेत गेलेला असतो. अशा वेळी पुढे गेलेलं रक्त व्हीटीआयवरून काढा.

रिपोर्टात ईएफच्या शेजारी नाडी, रक्तदाब आणि चालू असलेल्या औषधांचा डोस लिहायलाच हवा. डोब्युटामिनवर (आकुंचन वाढवणाऱ्या औषधावर) मोजलेले ४५ आणि औषधाशिवाय मोजलेले ४५ हे दोन वेगळे आजार आहेत. हा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरतो, आणि तो फार ठिकाणी पाळला जात नाही याचं मला वाईट वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी तुलना करायला बसलं की हातात काहीच उरत नाही.

स्ट्रेन. तुमच्या रुग्णासाठी इकोतली सगळ्यात उपयोगी मोजणी कदाचित हीच ठरेल. ग्लोबल लाँजिट्युडिनल स्ट्रेन (जीएलएस) म्हणजे जवनिकेचा स्नायू लांबीत किती टक्के आखडतो: ९ सेंमीचा ७.२ झाला तर उणे २०. नॉर्मल त्याच्याच आसपास असतं, पण यंत्रागणिक आणि सॉफ्टवेअरगणिक थोडा फरक पडतो, म्हणून एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून बघू नका. या आजारात स्ट्रेन का उपयोगी पडतो? विषाणूजन्य मायोकार्डायटिसमध्ये इजा बहुतेक वेळा बाहेरच्या थरात, म्हणजे हृदयावरणाला लागून असलेल्या भागात, आणि खालच्या-बाजूच्या भिंतीत, इन्फेरोलॅटरलला, होते. ती लहान असेल तर आतला थर आणि शेजारची भिंत काम सांभाळून घेतात आणि ईएफ ढळत नाही. पण त्या तुकड्याचं लांबीतलं आखडणं कमी होतं. ईएफ ५५, जीएलएस उणे १५ आणि बुल्स-आयच्या (जवनिकेच्या सगळ्या तुकड्यांच्या गोल) नकाशात बाजूच्या भिंतीचे तुकडे फिके, असं दिसलं तर "नॉर्मल स्टडी" लिहायला माझा हात उठणार नाही. कर्करोगावरच्या इम्यून चेकपॉइंट इनहिबिटर औषधांमुळे होणाऱ्या मायोकार्डायटिसमध्ये तर जवळपास निम्म्या रुग्णांत ईएफ नॉर्मल असते, आणि तरीही तो आजार जिवावर बेतू शकतो. तिथे केवळ ईएफवर भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. ईएफ शाबूत असतानाही घसरलेला स्ट्रेन पुढच्या धोक्याची सूचना देतो.

मात्र स्ट्रेन घसरला म्हणजे मायोकार्डायटिसच, असं नाही. चढलेला रक्तदाब, वेगवान नाडी, धूसर चित्र या सगळ्यांनी तो घसरतो. स्ट्रेनवरून निदान करू नका. निदान इतर गोष्टींवरून झालेलं असेल तर स्नायूला किती मार बसला याचा अंदाज त्यावरून घ्या.

उजव्या जवनिकेकडे बघायला विसरू नका. टॅप्सी (तिच्या झडपेचं कडं ठोक्याला किती सरकतं) १७ मिमीच्या खाली असेल, किंवा त्या कड्याचा एस प्राइम (सरकण्याचा वेग) सेकंदाला ९.५ सेंमीच्या खाली असेल, तर उजवी बाजूही आजारात सापडली आहे, आणि अशा रुग्णांचा मार्ग खडतर असतो. हृदयावरणात थोडं पाणी बऱ्याच जणांत दिसतं. ते किती आहे आणि उजव्या बाजूचे कप्पे दाबले जाताहेत का, हे लिहा. जवनिकेच्या टोकाशी गुठळी आहे का तेही बघा. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर विशेष बघा, कारण इओसिनोफिलिक प्रकारात आकुंचन बरं असतानाही आतल्या अस्तरावर गुठळी बसू शकते.

आता एमआरआय. इको तुम्हाला हृदय कसं हलतंय ते दाखवतो. स्नायूच्या आत काय चाललंय हे एमआरआय दाखवतो, आणि शिवाय आकारमान व ईएफ मोजण्यातही तोच सगळ्यात भरवशाचा आहे, कारण सिने चित्रांत जवनिकेचे वरपासून खालपर्यंत काप घेतले जातात आणि आकाराबद्दल काहीही गृहीत धरावं लागत नाही. लहान जाड हृदयाबद्दल इकोवर शंका राहिली असेल तर ती इथे मिटते.

निदानाचे निकष लेक लुईस या नावाने ओळखले जातात. पहिले २००९ चे: सूज, रक्तपुरवठ्यातली वाढ आणि उशिरा टिकून राहणारं गॅडोलिनियम (शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध; हेच लेट गॅडोलिनियम), या तिन्हींपैकी दोन. २०१८ मध्ये ते सुधारले आणि सोपे झाले. टी१ आणि टी२ हे स्नायूतून येणाऱ्या एमआरआय संकेताच्या वेळेचे आकडे. टी२ वर आधारित एक खूण, म्हणजे पाणी. आणि टी१ वर आधारित एक खूण, म्हणजे इजा. टी१ च्या बाजूला नेटिव्ह टी१ (कॉन्ट्रास्टशिवाय मोजलेला), ईसीव्ही (पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण) किंवा लेट गॅडोलिनियम यांपैकी काहीही चालतं. दोन्ही बाजूंना खूण सापडली तर निदान भक्कम. एकच सापडली आणि लक्षणं जुळत असतील तर तिलाही वजन आहे, पण कमी. हृदयावरणाचा दाह आणि आकुंचनातली घट या पूरक खुणा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: हृदयाचं काम कमी होणं हे मूळ निकषांत नाही, पूरक खुणांत आहे. तेव्हा ईएफ नॉर्मल आहे म्हणून एमआरआयची गरज नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

लेट गॅडोलिनियमचं चित्र औषध दिल्यानंतर साधारण दहा ते पंधरा मिनिटांनी घेतात. त्यात उजळ पट्टा कुठे आहे यावर सगळं ठरतं. धमनी बंद पडून झालेल्या इन्फार्क्टमध्ये तो आतल्या अस्तरापासून सुरू होतो आणि एका धमनीच्या प्रदेशात राहतो. मायोकार्डायटिसमध्ये तो बाहेरच्या थरात किंवा भिंतीच्या मधोमध असतो, अस्तर वाचलेलं असतं, आणि धमन्यांच्या हद्दी त्याला लागू पडत नाहीत. इटलीतच झालेल्या, ईएफ शाबूत असलेल्या रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधल्या पडद्याच्या समोरच्या भागात, मधल्या थरात, पट्टा असणाऱ्यांचं पुढे जास्त बिघडलं. तुमच्या रुग्णासारख्यांतच हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ईएफ ५५ असलेल्या दोघांपैकी एकाचा पट्टा इन्फेरोलॅटरल भिंतीच्या बाहेरच्या थरात आणि दुसऱ्याचा पडद्याच्या मधोमध, तर त्या दोघांकडे मी सारख्या नजरेने बघणार नाही. दुसऱ्याला लयीसाठी जास्त दिवस नजरेखाली ठेवीन.

तीव्र अवस्थेत उजळ दिसणारा सगळाच भाग कायमचा व्रण नसतो, हे घरच्यांना सांगताना फार जपून सांगा. पेशी फुटल्या आणि पेशींमधल्या जागेत पाणी साठलं तरी गॅडोलिनियम तिथे रेंगाळतं. सूज उतरते तसा पट्टा आक्रसतो. काहींत अगदी नाहीसा होतो. पहिल्या एमआरआयनंतर "हृदयावर कायमचा डाग पडलाय" असं सांगून तेवीस वर्षांच्या मुलाला आयुष्यभराची धास्ती लावणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. डाग आहे की नाही ते पुढच्या एमआरआयवर ठरेल, असं सांगा.

टी१ आणि टी२ चे आकडे वाचताना एक सावधगिरी. नेटिव्ह टी१ दीड टेस्लावर साधारण एक हजार मिलीसेकंदांच्या जवळपास असतो आणि तीन टेस्लावर त्याहून बराच जास्त. टी२ दीड टेस्लावर साधारण पन्नास. प्रत्येक यंत्राची नॉर्मल मर्यादा त्या त्या केंद्राने स्वतः ठरवलेली असते. रिपोर्टात ती लिहिलेली नसेल तर फोन करून विचारा. ईसीव्ही त्या मानाने यंत्रांत कमी बदलतं, नॉर्मल साधारण २५ टक्के, पण त्यासाठी त्याच दिवसाचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) हवं. ते पाठवायचं बरेचदा राहून जातं.

कधी करायचा? लक्षणं सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत, स्थिर रुग्णात शक्यतो पहिल्या आठवड्यात. अगदी पहिल्याच दिवशी लेट गॅडोलिनियम उमटलेलं नसू शकतं, आणि उशीर केला तर टी२ वरचं पाणी ओसरून गेलेलं असतं आणि आजार तीव्र होता की जुना हे सांगणं अवघड होतं. शिवाय एमआरआय नॉर्मल आला म्हणून मायोकार्डायटिस नाही असं म्हणू नका. छातीत दुखून, इन्फार्क्टसारखा सुरू झालेला आजार एमआरआयवर चांगला पकडला जातो. हार्ट फेल्युअरने सुरू झालेला कमी. आणि फक्त लय बिघडून सुरू झालेला सर्वांत कमी. तुमचा रुग्ण पहिल्या प्रकारातला आहे, म्हणून त्याच्यात एमआरआयकडून बरीच अपेक्षा ठेवता येते.

मूत्रपिंडाचा ईजीएफआर (रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियम देण्याआधी रेडिओलॉजिस्टशी बोला. आजच्या मॅक्रोसायक्लिक औषधांत धोका फारच कमी आहे, तरी निर्णय एकट्याने घेऊ नका.

आता ज्या रुग्णाला एमआरआयच्या खोलीत न्यायचंच नाही तो. रक्तदाब पडतोय, व्हीटी येतेय, हार्ट ब्लॉक झालाय (ठोक्याचा विद्युत्संदेश अडलाय), अशा माणसाला पाऊण-एक तास नळीत झोपवून श्वास रोखायला सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. त्याच्यासाठी इको, अँजिओग्राफी आणि बायोप्सी (हृदयाच्या आतून स्नायूचा तुकडा काढून तपासणं). दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेलं हार्ट फेल्युअर आणि त्यासोबत कोसळलेलं रक्ताभिसरण असेल, तर २००७ पासूनच्या अमेरिकी-युरोपीय मार्गदर्शनात एन्डोमायोकार्डियल बायोप्सीची शिफारस ठाम आहे. कारण जायंट सेल मायोकार्डायटिस (झपाट्याने बिघडणारा दुर्मीळ प्रकार) कोणत्याही स्कॅनवर खात्रीने ओळखता येत नाही, आणि त्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लवकर सुरू केली तर फरक पडतो. "आधी एमआरआय करून बघू" म्हणत इथे दिवस घालवू नका. आणि अशा, कमी रक्तप्रवाहावर तग धरून असलेल्या रुग्णाची नाडी ११८ बघून बीटा ब्लॉकर देऊ नका. ती नाडीच त्याचा रक्तप्रवाह टिकवून आहे.

रुग्ण व्हीए एक्मोवर (हृदय आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर) गेला तर इमेजिंगचं काम बदलतं. एक्मो महाधमनीत रक्त ढकलतं, म्हणजे दुबळ्या जवनिकेसमोर दाबाची भिंत उभी राहते. म्हणून रोज, गरज पडली तर दिवसातून अनेकदा, तीन गोष्टी बघा: महाधमनीची झडप उघडतेय का, डावी जवनिका फुगतेय का, आत रक्त धुरासारखं साचतंय का. झडप उघडत नसेल तर जवनिका मोकळी करण्याचा मार्ग लगेच शोधा. एक्मो कमी करून बघताना ईएफ २० ते २५ च्या वर, व्हीटीआय १० सेंमी किंवा जास्त आणि मायट्रल कड्याच्या बाजूचा एस प्राइम सेकंदाला ६ सेंमी किंवा जास्त असेल, तर यंत्र काढता येण्याची आशा धरता येते. इथेही पाहा, २५ ही ईएफ इतर कुठे आपण भीतीने वाचतो. इथे ती बरं होण्याची खूण ठरते. फल्मिनंटमधून वाचलेल्या बऱ्याच रुग्णांची ईएफ पुढे पुष्कळ सुधारते. म्हणूनच पहिल्या आठवड्यातल्या २० टक्क्यांवरून कुणाचं भवितव्य लिहून टाकू नये आणि प्रयत्न सोडू नयेत.

तुमच्या रुग्णाकडे परत येतो. कोरोनरी अँजिओग्राफी झालीच आहे, त्यामुळे मोठा प्रश्न मिटला. (अँजिओग्राफी टाळायची असेल अशा कमी धोक्याच्या तरुणात कोरोनरी सीटीनेही तो मिटतो.) त्याला किमान ४८ तास मॉनिटरवर ठेवा. आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी इको परत करा. पूर्ण अभ्यास नको, दहा मिनिटांचं काम: भिंतीची जाडी, व्हीटीआय, ईएफ, उजवी जवनिका, हृदयावरणातलं पाणी, सोबत नाडी आणि रक्तदाब. एकदा नीट स्ट्रेन काढून ठेवा. ट्रोपोनिन उतरणीला लागलं, लय शांत राहिली, व्हीटीआय टिकला, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एमआरआय करून मग सोडा. व्हीटीआय उतरतोय आणि नाडी चढतेय असं दिसलं, तर ईएफ ५५ असतानाच अतिदक्षता विभागाशी आणि एक्मोची सोय असलेल्या केंद्राशी बोलून ठेवा. शॉक लागल्यावर रुग्ण हलवणं फार अवघड होतं.

सोडल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी इको. तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय परत करा, तो टाळू नका. सूज पूर्ण गेली आणि पट्टाही गेला तर निश्चिंत. सूज आहे आणि पट्टाही आहे, तर अजून भरून येण्याची वाट बघता येते. सूज गेली आणि पट्टा तसाच उरला, विशेषतः पडद्यात, तर तो व्रण आहे असं धरून लयीवर दीर्घकाळ लक्ष ठेवा. तोवर धावणं, पोहणं, जिम, स्पर्धा बंद. साधारण तीन ते सहा महिने असं आजवर सांगितलं जातं. सौम्य आजारात ही मुदत रुग्णानुसार कमी करण्याकडे अलीकडचा कल आहे. परवानगी देताना नॉर्मल ईएफ पुरेशी धरू नका: ट्रोपोनिन नॉर्मल, होल्टरवर (दिवसभर चालणाऱ्या ईसीजीवर) आणि व्यायाम चाचणीत लय स्वच्छ, आणि एमआरआयवर सूज नाही, हे सगळं जुळायला हवं. तरुणांना चार आठवड्यांत बरं वाटू लागतं आणि ते परस्पर मैदानावर जातात, म्हणून ही अट डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरच्यांसमोर वाचून दाखवा. पहिल्या दिवसाच्या इकोच्या क्लिप्स त्याला सीडीवर द्या, म्हणजे सहा महिन्यांनी जो कोणी इको करेल त्याला नुसत्या ५५ या आकड्याशी तुलना करत बसावं लागणार नाही.